तीन फुटी ओंडके फोडायला हायड्रॉलिक मशीन घेताना आधी काय मोजायचं?

प्रश्न थोडक्यात असा. शीळफाट्याच्या पुढे लाकडाची वखार आहे. रस्त्याकडेची पडलेली आणि परवानगीनं तोडलेली झाडं ठेकेदारांकडून येतात. त्यात पर्जन्यवृक्ष, चिंच, आंबा, जांभूळ, गुलमोहर असं सगळं असतं आणि बुंधे दोन ते तीन फूट व्यासाचे. आजवर चार माणसं घण आणि पाचर घेऊन फोडत होती, त्यातली दोनच उरलीत. गिऱ्हाईक म्हणजे स्मशानभूमीचे ठेकेदार, काही बेकऱ्या आणि डोंबिवलीकडचे दोन बॉयलरवाले. विचारणा अशी की मशीन २५ टनांचं घ्यावं की ४० टनांचं, पेट्रोलवरचं की लाइटवरचं, ऑनलाइन मिळतं ते घ्यावं की इथेच बनवून घ्यावं.

मी रबाळे एमआयडीसीत सिलिंडर आणि पॉवर पॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी यांचा संच) बनवतो. लाकूड फोडायची मशिनंही केली आहेत, काही चांगली चालली, काही परत आणून दुरुस्त करावी लागली. त्या अनुभवावरून सांगतो की टनाचा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हा की ओंडका मशीनवर चढणार कसा.

हिशोब करून बघा. दोन फूट व्यासाचा, दीड फूट लांबीचा ओला ओंडका साधारण सव्वाशे किलोचा असतो. तीन फूट व्यासाचा तेवढ्याच लांबीचा घेतला तर २८५ किलोच्या आसपास जातो. दोन माणसं तो उचलूच शकत नाहीत. वखारीत मशीन आल्यावर पहिले चार दिवस सगळे उत्साहानं उचलतात, पाचव्या दिवशी कुणाची तरी कंबर धरते आणि मग मोठे ओंडके कोपऱ्यात साचायला लागतात. मशीन चालू राहतं, पण त्यावर फुटतात फक्त एक फुटाचे. ज्या मोठ्या मालासाठी मशीन घेतलं तो माल तसाच पडून राहतो. हे मी एकापेक्षा जास्त वखारींत पाहिलं आहे.

यावर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे उभं मशीन. त्यात पाचर सिलिंडरला बसवलेली असते आणि ती वरून खाली येते, ओंडका नुसता ढकलत पायपाटीवर न्यायचा. बाहेरून येणारी आडवी-उभी दोन्ही होणारी मशिनं याच पद्धतीची. जागेवर उचलावं लागत नाही हे खरं, पण माणूस दिवसभर वाकून किंवा उकिडवा बसून काम करतो आणि त्याचा चेहरा पाचरीच्या पातळीवर येतो. रोजच्या कामाला मला ती पद्धत पटत नाही. दुसरा उपाय मशीनलाच उचलायचा हायड्रॉलिक हात बसवणं. तो चांगला चालतो, पण आणखी एक सिलिंडर, आणखी एक व्हॉल्व्ह आणि आणखी चार होज लागतात. तिसरा, आणि तुमच्यासारख्या एका जागी बसलेल्या वखारीला मी सुचवेन तो, म्हणजे आडवं मशीन (यात पाचर लोखंडी बीमच्या टोकाला पक्की असते आणि सिलिंडर ओंडका तिच्यावर ढकलतो) आणि त्याच्या डोक्यावर एक गर्डर टाकून त्यावर सरकणारी एक टनाची चेनपुली. पुलीला कात्रीसारखा चिमटा लावायचा, तो वजनानंच ओंडक्याला घट्ट पकडतो. एकटा माणूस २८५ किलो आरामात मशीनवर ठेवतो. शेडचे खांब त्या गर्डरचं वजन घेतील की नाही, हे मात्र आधी बघून घ्या. पत्र्याच्या शेडच्या ट्रसला पुली टांगू नका, गर्डरला स्वतःचे दोन खांब द्या.

याला जोडूनच एक भाग, ज्याकडे बनवणारे आणि घेणारे दोघंही दुर्लक्ष करतात. तो म्हणजे बाजूची टेबलं. मोठा ओंडका मधोमध फुटला की दीडशे किलोचे दोन तुकडे दोन बाजूंना पडतात. टेबल नसेल तर ते पायावर पडतात, नाहीतर जमिनीवर. जमिनीवरून पुन्हा उचलून मशीनवर ठेवायचे म्हणजे सगळी मेहनत दुप्पट. दोन्ही बाजूंना बीमच्या उंचीची, जाड पाटीची, कडेला ओठ असलेली टेबलं मागून घ्या. कोटेशनमध्ये ती बहुतेक वेळा नसतात.

आता टनाकडे येतो. टन हा मशीनवर चिकटवलेल्या स्टिकरचा विषय नाही, तो दोन आकड्यांचा गुणाकार आहे. सिलिंडरच्या बोअरचं (आतल्या व्यासाचं) क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब. १०० मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, दाब २०० किलो प्रति चौरस सेंटीमीटर धरला तर १५.७ टन. १२५ बोअरला २४.५ टन. १५० बोअरला ३५.३ टन. आणि खरोखरचे ४० टन हवे असतील तर बोअर १६० लागतो. दाब १६० वरच सेट केला असेल तर १२५ बोअर १९.६ टनांवर येतो. म्हणून विकणाऱ्याला ‘किती टन’ न विचारता ‘बोअर किती आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीत जास्त दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) कितीवर सेट केलाय’ हे विचारा. ऑनलाइन मशिनांवर चार इंची बोअर आणि ३,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) असं लिहिलेलं दिसलं तर ते साधारण १७ टनांचं मशीन आहे, वर काहीही लिहिलेलं असो. शिवाय अमेरिकेतला टन ९०७ किलोचा असतो, तोही फरक धरा.

तुमच्या मालासाठी १२५ बोअर, ७० ची रॉड (सिलिंडरमधून बाहेर येणारा दांडा) आणि २०० चा दाब, म्हणजे साधारण २५ टनच, पुरेसा आहे असं माझं ठाम मत आहे. मोठ्या ओंडक्याला मोठा टन लागतो हा समज अर्धाच खरा आहे. घण-पाचरीवाली माणसं तीन फुटी बुंध्याच्या काळजात कधी पाचर घालत नाहीत, कडेकडेनं सोलत आत जातात. मशीनवरही तेच करायचं. कडेची फळी काढताना फार कमी जोर लागतो. मधोमध चिरायचा हट्ट धरला तर ४० टनही कधीकधी अडतात.

जोर लागतो तो जातीप्रमाणे आणि गाठीप्रमाणे. मटणाच्या दुकानात खाटकाचा ठोकळा चिंचेचा का असतो? कारण चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, सुरा हजार वेळा पडला तरी ती चिरत नाही. तीच चिंच तुमच्या मशीनवर येणार. पर्जन्यवृक्षाचा बुंधाही असाच पिळाचा, आणि जिथून दोन फांद्या फुटतात ते बेचकं सगळ्यात चिवट. जांभूळही त्याच बाजूचं. आंबा मध्यम. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ सरळ फुटतात. नीलगिरी ओली असताना फोडून टाका, वाळली की हट्टी होते. गुलमोहर फुटतो सहज, पण भुसभुशीत लाकूड, आच कमी, त्यावर वेळ घालवावा इतका तो मोलाचा नाही. नारळ, ताड मशीनवर ठेवूच नका, ते फुटत नाहीत, त्यांचे धागे निघतात आणि पाचरीच्या मुळाशी अडकून बसतात.

रस्त्याकडेच्या झाडांची आणखी एक गोष्ट. त्यांच्या पोटात खिळे, तारा, जाहिरातींच्या पट्ट्यांचे स्क्रू आणि कधीकधी ट्री-गार्डची अख्खी सळई गिळलेली असते. चेनसॉ अशा ठिकाणी एका सेकंदात बोथट होते. पाचरीला त्याचं फारसं काही वाटत नाही, धार मात्र चांगल्या पोलादाची हवी. साध्या एमएस (माइल्ड स्टील) पाटीची धार महिन्याभरात दुमडते. ईएन ८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची पाचर घ्या किंवा धारेवर हार्डफेसिंगचा, म्हणजे कठीण धातूच्या थराचा, वेल्ड मारून घ्या. आकार असा हवा की पुढचं नाक अरुंद आणि मागे खांदे रुंद: नाकानं शिरायचं, खांद्यानं उघडायचं. एकदम चार तुकडे करणारी चौपाखी पाचर काढता-घालता येणारी असेल तर घ्या, पण ती एक फुटापर्यंतच्या सरळ मालासाठीच वापरा.

आता लांबी. इथे तुमची गिऱ्हाइकं दोन टोकांना आहेत. बेकरीला आणि बॉयलरला दीड-दोन फुटांचे तुकडे लागतात, स्मशानभूमीला तीन फूट आणि त्याहून लांब, जाडसर. बाजारातली तयार मशिनं बहुतेक दोन फूट स्ट्रोकची असतात, म्हणजे सिलिंडर तेवढाच पुढे जातो. ती घेतलीत तर स्मशानभूमीचा माल घणानंच फोडावा लागेल. म्हणून ३६ इंची स्ट्रोक मागा, आणि मागे येण्याच्या प्रवासाला सरकवता येणारा स्टॉप. दीड फुटाचा माल चालू असेल तेव्हा सिलिंडर पूर्ण मागे जायची गरज नाही, स्टॉप पुढे घ्यायचा, प्रत्येक फेऱ्याचे कितीतरी सेकंद वाचतात. एक शिस्त पाळा: दोन-तीन फुटी चिवट बुंधे दीड फुटावर कापायचे आणि ते बेकरी-बॉयलरकडे जायचे. तीन फुटांचे लांब तुकडे फक्त सरळ रेषेच्या, दीड फूट व्यासापर्यंतच्या मालातून काढायचे. हे पाळलंत तर १२५ बोअर कधी कमी पडणार नाही.

बेकऱ्यांवर मात्र पुढची गुंतवणूक बेतू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. तो आदेश मुंबईसाठी होता, पण हवा काय मुलुंड नाक्यावर थांबत नाही, आणि धुराचा प्रश्न ठाण्यातही तितकाच खरा आहे. मला स्वतःला तो निर्णय योग्य वाटतो. तुमचा पुढचा धंदा स्मशानभूमी आणि बॉयलरचा धरून चाला. बॉयलरवाला चुरा किंवा चिप्स घ्यायला तयार असेल तर सहा इंचांखालच्या फांद्या फोडत बसू नका, त्यांना वेगळं चिपर लागतं.

वेग हा पंपाचा विषय आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. १२५ बोअरचा सिलिंडर दोन फूट पुढे जायला ७.४ लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर पुढे जायला २२ सेकंद आणि मागे यायला १५. मिनिटाला ४० लिटर दिले तर दोन्ही मिळून १९ सेकंद. फरक लहान वाटतो, पण तीन फुटी ओंडक्याचे दहा-दहा किलोचे २८ तुकडे करायचे म्हणजे २७ वेळा सिलिंडर चालवायचा. हळू पंपावर एका ओंडक्याला १६-१७ मिनिटं, वेगवान पंपावर साडेआठ-नऊ. दिवसाअखेरी हा फरक दोन माणसांच्या मजुरीइतका होतो. १६० बोअर घेतलात तर त्याच पंपावर दर फेऱ्याला तेल दीडपटीहून जास्त लागेल, म्हणजे मशीन तितकंच हळू. ४० टनांचा मोह टाळा म्हणतो त्याचं हे दुसरं कारण.

पण ४० लिटर २०० च्या दाबानं ढकलायचे तर २० एचपीहून मोठी मोटर लागते. वखारीला तो लोड आणि ते बिल परवडणार नाही. याला उत्तर आहे हाय-लो पद्धत. एक मोठा आणि एक छोटा असे दोन पंप एकाच शाफ्टवर असतात. लाकूड सहज फुटतं तोवर दोन्ही मिळून ४० लिटर देतात. गाठ आली, दाब ४० च्या वर गेला की अनलोडर व्हॉल्व्ह मोठ्या पंपाचं तेल टाकीत सोडतो आणि छोटा पंप मिनिटाला १० लिटर देत पूर्ण २०० चा दाब लावतो. एवढ्याला साडेसात एचपीची थ्री-फेज मोटर पुरते. १४४० आरपीएमच्या मोटरवर पंपाची मापं साधारण २१ सीसी आणि ७ सीसी (एका फेरीत पंप जितकं तेल ढकलतो ते). कोटेशनमध्ये ही मापं लिहून घ्या.

बाहेरून आलेला पंप स्वस्तात मिळाला म्हणून इथल्या मोटरला जोडू नका. ते पंप ३,६०० आरपीएमच्या पेट्रोल इंजिनासाठी असतात. ४१ लिटर लिहिलेला पंप १४४० वर साडेसोळा लिटरच देतो. माझ्याकडे असं एक मशीन ‘सिलिंडर बिघडलाय, हळू चालतो’ म्हणून आलं होतं. सिलिंडर उत्तम होता, पंप चुकीचा जोडला होता. पेट्रोल की लाइट याचं उत्तर यातच आलं. वखारीत थ्री-फेज कनेक्शन असेल तर लाइटच. पेट्रोलचं मशीन झाड जिथे पडलंय तिथे घेऊन जाणाऱ्यासाठी, शेडमध्ये त्याचा धूर दिवसभर घ्यायचा कशाला?

बीमबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. सुरुवातीच्या एका मशीनला मी २०० चा आयएसएमबी (२०० मिलिमीटर उंचीचा, ‘आय’ आकाराचा प्रमाणित बीम) लावला. वजन कमी, हलवायला सोपं. सहा महिन्यांत बीम मधून केळीच्या आकारासारखा वाकला. सिलिंडरची मध्यरेषा बीमच्या वर असते, त्यामुळे जोर सरळ रेषेत न जाता बीमला वाकवतो. १२५ बोअरच्या मशीनमध्ये सिलिंडर बीमच्या वरच्या पाटीपासून १२ सेंटीमीटर वर धरला तर २०० च्या बीमवर ताण ३१० एमपीएपर्यंत (मेगापास्कल, ताण मोजायचं एकक) जातो, आणि साधं पोलाद २५० ला वाकायला लागतं. २५० च्या बीमवर तो १९५ च्या आसपास येतो, म्हणजे चालतो, पण गाठ उंचावर लागली की काठावर. ३०० च्या बीमवर १५५ च्या आसपास. ३०० चाच घ्या. तो बीम मी स्वखर्चानं बदलून दिला आणि तेव्हापासून वजन वाचवायच्या भानगडीत पडलो नाही. पाचर जिथे बीमला जोडलीय तिथे मागून तिरके गसेट (आधाराच्या तिकोनी पाट्या) आहेत का आणि वेल्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण आहे का, हे हात लावून बघा. तडा जातो तो नेमका तिथेच.

तेल आणि पाऊस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल वापरा. टाकी ८० ते १०० लिटरची हवी. २५-३० लिटरच्या टाकीत दुपारपर्यंत तेल इतकं तापतं की पातळ होऊन जोर उतरतो आणि सील कडक होतात. तेल ६० अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. पंपात शिरणारं तेल गाळणाऱ्या सक्शन स्ट्रेनरबरोबर टाकीत परतणारं तेल गाळणारा रिटर्न फिल्टर हवाच, लाकडाचा भुसा कुठूनही शिरतो. पावसाळ्यात टाकीच्या ब्रीदरमधून (हवेच्या झाकणातून) दमट हवा आत जाते, तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं की पाणी गेलंय समजा आणि तेल बदला. रात्री मशीन बंद करताना सिलिंडर पूर्ण आत घ्या. बाहेर राहिलेल्या रॉडच्या क्रोमवर खाडीच्या दमट हवेत ठिपके पडतात आणि तेच ठिपके सील फाडतात.

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी मी कधीच सोडत नाही. पहिली, लिव्हर दोन हातांचा. दोन्ही हात लिव्हरवर असतील तरच सिलिंडर पुढे, एक जरी हात सुटला तरी तो थांबला पाहिजे. युरोपातल्या ईएन ६०९-१ या मानकाचा रोखही हाच आहे. मागे येणं आपोआप असलं तरी चालेल, पुढे जाणं कधीही आपोआप नको. दुसरी, ओंडका ठेवणारा आणि लिव्हर चालवणारा माणूस एकच हवा. एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं चालवायचं ही सवय घण-पाचरीच्या कामातून येते आणि मशीनवर तीच घात करते. ओळखीच्या एका वखारीत एका तरुण मुलाच्या दोन बोटांची टोकं अशीच गेली. ‘झालं?’ असं विचारलेलं लिव्हरवाल्याला ‘झालं’ असं ऐकू आलं. त्या दिवसापासून एकहाती लिव्हरचं मशीन मी बनवत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

चेनसॉनं कापताना दोन्ही टोकं काटकोनात येतील असं बघा, तिरकं टोक असलेला ओंडका दाबाखाली उसळून बाहेर येतो. होजमधून बारीक फवारा उडताना दिसला तर बोटानं चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि तरीही त्याच तासात सर्जनकडे जावं लागतं. आणि व्हिडिओंत दिसणारा, फिरत्या शंकूवर लाकूड टेकवून फोडायचा स्वस्त स्क्रू घेऊ नका. त्यात हातमोजा किंवा ओढणी अडकली तर थांबवायला वेळच मिळत नाही.

कागदांचं एक वाक्य. नागरी भागातल्या झाडांना १९७५ चा संरक्षण कायदा लागू आहे, तेव्हा ठेकेदाराकडून प्रत्येक गाडीबरोबर वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीची प्रत आणि साग-खैरासारखा माल असेल तर वन खात्याचा वाहतूक पास घेत जा.

ऑनलाइन की इथे, याचं उत्तर तुम्हाला आता कळलंच असेल. वर सांगितलेलं ३६ इंची, ३०० च्या बीमचं, टेबलांसह मशीन तयार मिळणं अवघड आहे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, भिवंडी, कुठेही चांगला फॅब्रिकेटर गाठा आणि सील किट मिलिमीटरच्या मापाचं, बाजारात मिळणारं असेल एवढं पक्कं करा. शेवटचे पैसे द्यायच्या आधी चाचणीला तुमचाच माल घेऊन जा: चिंचेचं एक बेचकं, पर्जन्यवृक्षाचा दोन फुटी गाठाळ तुकडा आणि एक तीन फूट लांबीचा सरळ ओंडका. सिलिंडर टोकाला नेऊन दाबून धरा आणि गेजवर २०० दिसतात का बघा. मग तासभर सलग फोडा, फेऱ्यांची वेळ मोबाइलवर मोजा, टाकीतल्या तेलाचं तापमान घ्या, आणि बीमच्या वरच्या पाटीवर दोरा ताणून तो चाचणीआधी जसा टेकत होता तसाच अजून टेकतो का ते तपासा.